शिफ्ट पाच वेळा दाबलं की ‘टुंग’ वाजतं!

मंडळी, आज मी लई खूश आहे. सांगितल्याशिवाय चैन पडंना.

खडेबाजारात माझं टायपिंगचं दुकान. शांताक्का पहिल्यापासनं माझ्याकडं कन्नड-मराठी अर्ज टाइप करतात. लकवा मारल्यापासनं त्यांचा उजवा हात चालत न्हाय. आज दुपारी म्हणाल्या, "अण्णा, एका हातानं जमंना. उद्यापासनं न्हाय येत मी."

माझं पोरपण वडगावात कापडाच्या मागांच्या खडखडाटात गेलं. कुठला माग अडलाय ते आवाजावरनं ओळखायचो. म्हणून गप उभा राहून आक्कांचं टायपिंग ऐकलं. साधी अक्षरं झरझर जात होती. शिफ्ट धरून दाबायचं अक्षर आलं की नुसतंच शिफ्ट, शिफ्ट, शिफ्ट, शिफ्ट, शिफ्ट, आणि मग 'टुंग'! पडद्यावर एक चौकट यायची. आक्का 'नो' दाबून मोकळ्या.

"आक्का, ती चौकट काय विचारतीया?"

"मला काय ठावं? असलं काय आलं की नो दाबायचं, तुम्हीच शिकवलंय न्हवं?"

वाचलं तर काय! 'स्टिकी कीज' चालू करू का, असं ती विचारत होती. 'येस' दाबलं. आता शिफ्ट दाबून सोडायचं, मग अक्षर दाबायचं. दोन्ही एकदम धरायला नकोत. एक हात बास!

आक्कांनी अख्खा अर्ज संपवला आणि वर मलाच दम दिला, "उद्या दुकान वेळेवर उघडा. कामं तुंबल्यात."

कॉम्प्युटर रोज मदतीचं विचारत होता, आणि 'नो' म्हणायला शिकवणारा मीच! तुम्ही असली कुठली चौकट न वाचताच बंद करताय?