रीत न लिहिलेलं उत्तर

नात गणित वाचते, वहीत थेट उत्तर लिहिते आणि खिडकीबाहेर बघत बसते. तिला पाहिलं की सातवीतली शैला आठवते. तीही रीत न लिहिता नेमकं उत्तर लिहायची. मी तिचा गणिताचा मास्तर. भर वर्गात विचारलं होतं, "कुणाचं बघून लिहिलंस?" वर्गात पहिली येणाऱ्या वसुधाला मी शिकवलेली रीत पुरायची, शैलाला ती पुरत नव्हती, तिचं डोकं त्या रीतीच्या पुढे धावायचं. दोघींतला हा फरक मला कळलाच नाही.

काल शैलाला फोन केला. "तू कुणाचं बघितलं नव्हतंस. चूक माझी होती."

ती हसली. "मग सर, आता तरी एखादं अवघड गणित घाला की!"

घातलं. उत्तर अजून आलेलं नाही, आणि मला फार बरं वाटतंय.