कळंबच्या माळावर पणाला लागलेली मिशी

बॉल उसात गेला आणि मॅच थांबली. स्कोर शून्य-शून्य. माझ्या घड्याळात खेळ संपत आलेला. कोऱ्हाळं आणि भिगवण, दोन्ही टीमची पोरं बॉल शोधायला उसात शिरली आणि तेवढ्यात दोन माणसं दोन बाजूंनी माझ्याकडं चालत आली. उजवीकडून कोऱ्हाळ्याचे तात्या, स्पर्धेचे अध्यक्ष, म्हणजे माझे साहेब. डावीकडून भिगवणचे मासळीच्या हॉटेलवाले सलीमभाई. सकाळपासून ही दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हती. आता एकत्र येताना दिसली तेव्हाच मी ओळखलं, आज आपलं काही खरं नाही.

मी शाळेत पीटीचा मास्तर आणि सुट्टीला फुटबॉलचा रेफ्री. बारामती-इंदापूर भागात ज्यावर मी शिट्टी वाजवली नाही ते मैदान नव्हतंच, वावर होतं. भिगवणला माझी शिट्टी वाजली की बॅकवॉटरमधले फ्लेमिंगो दचकून दुसरा पाय खाली टेकायचे. आता रिटायर झालोय, पण त्या दिवसाची आठवण निघाली की अजून छाती फुगते.

भानगड सुरू झाली होती आदल्या संध्याकाळी, कळंबला, तात्यांच्या सासुरवाडीच्या ओसरीवर. आमच्या भागात पैजा लागायच्या त्या कुस्तीवर. फुटबॉल नवा होता. तात्यांनी चहा बशीत ओतत मला विचारलं, "सर, ह्या खेळावर पैज लावत्यात तरी कशी?"

मी म्हटलं, "पैसा मधे आणायचा नाही. जी गोष्ट गेल्यावर जीव हळहळेल ती लावायची."

झालं. तात्यांनी मिशी लावली.

ही मिशी साधी नव्हती. दोन्ही टोकांवर लिंबू ठेवलं तरी लवायची नाही. एका उन्हाळ्यात तिच्या सावलीला कुत्रं झोपलेलं मी स्वतः पाहिलंय. आणि पुढच्याच आठवड्यात तात्यांच्या पोरीचं लग्न. व्याह्यांपुढं बिनमिशीचं उभं राहायचं म्हणजे मरणच. समोर बसलेल्या सलीमभाईंनी मासळीचं जेवण लावलं. कोऱ्हाळं जिंकलं तर ऐन रविवारी हॉटेल बंद ठेवून सगळ्या कोऱ्हाळ्याला फुकट चिलापी. ज्याच्या रश्शाच्या वासानं हायवेवरचे ट्रक आपोआप वळायचे, त्याला रविवार बंद म्हणजे काय ते बघा.

दोघांनी हातावर हात मारले. मी साक्षीदार. तेवढ्यात तात्यांची बायको, शांताकाकी, कपबश्या उचलायला आली.

"आन बरोबरी झाली तर?"

तात्या हसले. "अगं, बावीस गडी तासभर पळणार आन गोलच व्हनार न्हाय? असं कुठं असतंय व्हय?"

"तुमी तीस वरसं पळताय. कुठं काय झालंय?"

सलीमभाईंना ठसका लागला.

काकी म्हणाली, "मग असं करा. बरोबरी झाली तर दोघांच्या पैजा माझ्या. मिशीबी माझी आन मासळीबी माझी. सर, ऐकताय न्हवं?"

"दिल्या, दिल्या, वहिनी," सलीमभाई डोळे पुसत म्हणाले. तात्यांनीही मान डोलावली. फुकटचं दान द्यायला कुणाचं काय जातंय.

आणि दुसऱ्या दिवशी मॅच अशी झाली की बॉल गोलकडं सोडून चारी दिशांना फिरला. कोऱ्हाळ्याचा गोलकीपर तर बसून मिशरी लावत होता. माळाच्या कडेला भावाच्या घराच्या गच्चीवर काकी शेंगा निवडत बसलेली. तिनं एकदाही मान वर केली नाही.

तर दोघं माझ्यापाशी आले.

"सर," तात्या म्हणाले, "मॅच निकाली करा." निकाली म्हणजे कुस्तीतला शब्द, एकजण चीत होईपर्यंत सोडायची नाही.

"तात्या, ही कुस्ती नाही. वेळ संपली की संपली. बॉल शोधण्यात गेला तेवढा वेळ मी वाढवून देतो, त्याला इंज्युरी टाइम म्हणतात. त्यापुढं एक मिनिट नाही."

"आमी अध्यक्ष हाय."

"मैदानाबाहेर."

बॉल सापडला. खेळ सुरू झाला आणि भिगवणचा एक गडी कोऱ्हाळ्याच्या गोलसमोर असा कोसळला की जणू वीज पडली. त्याच्या जवळ वाऱ्याखेरीज कुणी नव्हतं. गोलसमोरच्या चौकोनात कुणी पाडलं तर पेनल्टी मिळते, म्हणजे समोर फक्त गोलकीपर, जवळजवळ नक्की गोल. सलीमभाई ओरडले, "पेनल्टी!" त्यांचं ठीक होतं. पण तात्याही रेषेवरून हात जोडून म्हणाले, "द्या सर. द्या त्यांना पेनल्टी."

"अहो, तुमची टीम हरेल. मिशी जाईल."

"जाऊ द्या. मिशी भिगवणला गेली तर उगवून यील. घरात गेली तर जलमभर ऐकावं लागंल."

सलीमभाई म्हणाले, "आणि सर, पेनल्टी नसली तर कॉर्नर तरी द्या. पण कायतरी करा. वहिनींचं सगळं माहेर जेवायला येणार. अर्धं कळंब हाय ते."

मी पडलेल्या गड्याकडं गेलो. "ऊठ. कपडे झटक." आणि शेवटची शिट्टी वाजवली. अध्यक्ष साहेब पुढच्या वर्षी मला बोलावतील, न बोलावतील, पण शिट्टी खोटी वाजली तर ती हातात धरवत नाही.

गच्चीवर काकीनं सूप खाली ठेवलं.

रविवारी हॉटेल बंद होतं आणि आत अर्धं कळंब. सलीमभाई स्वतः वाढत होते. तात्या पंगतीत खाली मान घालून. कुणीतरी वस्तरा आणला. काकीनं तो बाजूला सारला.

"लगीन तोंडावर हाय. मिशी माझी झाली, पर तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. नीट सांभाळा."

हल्ली नाक्यावर पोरं मोबाइलवर बोटं फिरवून मॅचवर पैजा लावतात. कोण हरलं, कुणाकडून हरलं, काही कळत नाही. नुसती उतरलेली तोंडं. मी त्यांना एवढंच सांगतो, फुटबॉलमध्ये निकाल तीन असतात, आणि तिसरा ज्यानं धरलाय त्याला आधी ओळखून ठेवा.

मागच्या महिन्यात तात्यांकडं गेलो होतो. मिशी पांढरी झालीय, पण लिंबू अजून बसेल. बोलता बोलता पीळ द्यायला त्यांचा हात वर गेला, अर्ध्यावर थांबला. त्यांनी आधी स्वयंपाकघराकडं बघितलं. आतून आवाज आला, "द्या, द्या."

मग पीळ दिला.