जवसाच्या तेलातली पत्रं

१९५४ च्या जूनमध्ये मी दर्यापूर सोडलं. खिशात बावीस रुपये होते. मोटार स्टँडवर पोचवायला आई आणि धाकटा भाऊ वामन, एवढेच होते. आईला अक्षरओळख नव्हती, तरी म्हणाली, "बारीकसारीक सारं लिवजो. वामन वाचून दाखवन."

जबलपूरला कारकून झालो. दर रविवारी पत्र लिहीत गेलो. अमरावतीची मुलगी केली, सुमन झाली. सुमन दोन वर्षं तीन महिने जगली आणि गोवराने गेली. तान्ह्या लेकराला दृष्ट लागते म्हणून आम्ही तिचा फोटो काढला नव्हता. पुढे दोन मुलगे झाले. पण सुमन पहिला शब्द कोणता बोलली, यावर बायकोचं आणि माझं एकमत होईना. मी म्हटलं, "पत्रांत सगळं आहे. आईने जपून ठेवलीत."

तेवढ्यासाठी १९६५ च्या दिवाळीत दर्यापूरला गेलो. पत्रं लोखंडी पेटीत होती, कुलूप पेटीतच बसवलेलं; पत्र आलं की आई ते झाकणाच्या फटीतून आत सारायची. किल्ली फिरेना. वामन म्हणाला, "दादा, हे पेटी तुया सायबापक्षा अडेल हाय." शेवटी चावीवाल्याने कुलूप कापलं. आत पत्रांची एक पिवळट वीट झालेली होती.

आई म्हणाली, "दर दसऱ्याले तेल सोडलं मी कुलपाच्या तोंडात. जंग लागू नये मनून."

दसऱ्याला आमच्याकडे विळ्या-कुऱ्हाडीबरोबर कुलपालाही हळदकुंकू लागतं. आईने घरात खायला होतं तेच जवसाचं तेल घातलं. ते वाळलं की सरसासारखं धरतं. बारा दसऱ्यांचं तेल आत ओघळून बसलं होतं.

"मायाच्यानं बिघडलं का रे?"

"नाई माय," मी म्हटलं.

घासलेटात भिजवून वामनने कडेचं एक पत्र सोडवलं. सुमन जायच्या आधीच्या महिन्यातलं. साखरेचा भाव, घरभाडं, महागाई भत्ता, शिल्लक रजा. अगदी शेवटी एक ओळ : 'चि. सुमन बरी आहे.' मी उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

पुढचं पत्र सोडवताना फाटू लागलं. मी वामनला थांबवलं. कागद टिकावा म्हणून, की त्यातही साखरेचा भावच निघेल या भीतीने, ते मला आजही सांगता येत नाही. पेटी आईजवळच ठेवली. चावीवाल्याने दीड रुपया घेतला.

जबलपूरला बायकोने विचारलं, "काय निघालं?"

"पानं चिकटलीत. आहे सगळं त्यात, पण सुटत नाही."

तिने ते खरं मानलं. आता रजा मिळाली की ती आधी माहेरी जायचं म्हणत नाही. "सुमीकडे जाऊन येऊ," म्हणते. मी दर्यापूरची चार तिकिटं काढतो.