सात नंबरची जर्सी

मी जुन्या जर्स्या जमवतो. अमेरिकेतल्या बास्केटबॉलपटूंनी खऱ्या मॅचमध्ये घातलेल्या, घामाच्या डागांसकट. चंद्रपूरच्या आमच्या घरात कपाटाचा एक अख्खा कप्पा त्यांनी अडवलाय. बायको पाहुण्यांना सांगते, आमच्याकडे परक्या माणसांचा घाम कुलपात असतो आणि माझ्या साड्या दोरीवर.

या छंदात पुरावा लागतो. जर्सीवरची उसवण, डाग, टाके त्या मॅचच्या फोटोशी जुळवायचे आणि मगच विश्वास ठेवायचा. मी भिंग घेऊनच बसतो. आजवर एकदाही फसलो नाही, हे मी कुणी न विचारताही सांगतो.

मागच्या हंगामात पोंभुर्ण्याला ताईकडे गेलो होतो. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. लहानपणी आम्ही गडचांदूरच्या सिमेंट कॉलनीत राहायचो, तेव्हा ती कॉलनीच्या संघातून बास्केटबॉल खेळायची. तिच्या शेतात, धानाच्या बांधीत बुजगावणं उभं होतं, आणि त्याच्या अंगात सात नंबरची निळी जर्सी. ताईचीच.

मी हबकलो. अशी वस्तू उन्हापावसात ठेवतात का, म्हणून तिच्यावर डाफरलोसुद्धा. ती निवांत म्हणाली, "अजून डिफेन्सच करून राह्यली ते. एक डुक्कर आत नाई आलं."

मी जर्सी मागितली. तिनं बदली खेळाडू मागितला. शेवटी मी अंगातला ऑफिसचा शर्ट उतरवून दिला आणि बनियनवर उभा राहिलो. शर्ट बुजगावण्याला चढवताना ताईचं म्हणणं पडलं की डुकरं याला लगेच ओळखतील, हा कधी मैदानात उतरलेला दिसत नाही.

जर्सी हातात आली. खांद्यावर फाटलेली, पांढऱ्या दोऱ्यानं घाईघाईत शिवलेली. शिवणीत सिमेंटची राखाडी धूळ घट्ट बसली होती. सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "ही मॅचमध्येच फाटली कशावरून? एखादा फोटो आहे का?"

ताई हसतच होती. "फायनलमध्ये फाटली. हाफटाइमले पायरीवर बसून शिवली. तू पाहाले आला असता तं इचारलं नसतं."

मैदान आमच्या क्वार्टरच्या मागंच होतं. फायनलच्या रविवारी सकाळी रेफ्रीची शिट्टी घरात ऐकू येत होती. मी टीव्हीवर अमेरिकेतली मॅच पाहत होतो. शिट्टीनं कॉमेंट्री नीट ऐकू येईना. ते आठवून फार लाज वाटली. मी जर्सीची घडी घालत राहिलो. ताईनं चहा मात्र दोनदा दिला.

आता सात नंबर कपाटात सगळ्यांत वर आहे. बाकी प्रत्येक जर्सीसोबत सहीशिक्क्याचा कागद आहे, कुणीतरी ती मॅचमध्ये पाहिल्याचा. हिच्यासोबत मी माझ्या अक्षरातली चिठ्ठी ठेवली आहे: "जर्सी खरी आहे. मॅच चालू असताना मी खिडकी लावून घेतली होती."