तुरगुन उस्ताची मूठ

आमच्या मार्गिलान शहरात आचारी तुरगुन उस्ताच्या पुलावाशिवाय लग्न लागतच नाही, असं निदान तुरगुन उस्ताचं तरी मत होतं. दोन्ही किडन्या निकामी झाल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, तरी ते मत मात्र शाबूत राहिलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, मीठ बंद, पाणी मोजून, आणि कढईची धग आता पुरे. बायको सनोबर तेच उठता-बसता सांगे. उस्ताला वाटे, आपण घरी बसलो तर मोहल्ल्यातली पोरं बिनलग्नाची राहतील.

शेवटी त्याने तोड काढली. काम सोडायचं नाही, फक्त चाखायचं नाही. मीठ तो जन्मभर मुठीनेच तर टाकत आला होता. शेजारच्या होशिमच्या नातवाच्या लग्नात त्याने पहाटे कढई चढवली, गाजरं परतली आणि मांसाच्या रश्श्यात मीठ घातलं. होशिमने विचारलं, मी चाखून बघू का? उस्ताने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो सरळ पाहुण्यांकडे गेला.

पाहुण्यांनी ताटं चाटूनपुसून साफ केली. मग चहाच्या किटल्यांवर किटल्या मागवल्या जाऊ लागल्या. पंगत उठेना. आपला पुलाव लोकांना सोडवत नाही, या समाधानात उस्ता मिशीत हसत बसला. दुसऱ्याच्या लग्नातल्या अन्नाला नावं ठेवायची आमच्याकडे रीत नाही. जो तो छातीवर हात ठेवून दुवा देत गेला. होशिमनेही हात छातीवर ठेवला.

"उस्ता, आज चहा फार छान झाला होता."

उस्ताने आपल्या हाताकडे पाहिलं. सुजून मूठ केवढी झाली होती. तिच्यात मीठ दीडपट मावत होतं. ज्या मुठीची एवढी फुशारकी मारली, तिच्यात पाणी भरलं होतं आणि तिच्या मालकाच्या डोक्यात हवा.

घरी येऊन त्याने मुठीचं सगळं सांगितलं आणि जाहीर केलं, संपलं, कढई विकायची. सनोबरला हेच हवं होतं. पण घरी बसलेला उस्ता तिच्या प्रत्येक पातेल्यात नाक खुपसू लागला. कांदा जाड चिरलास, आच मोठी आहे. मधेच भिंतीकडे तोंड करून पडून राही, ते मात्र तिला बघवेना.

पुढच्या लग्नाचं बोलावणं आलं. कढईपाशी पुरुषांत तिला जाता येत नव्हतं, म्हणून तिने घरीच मीठ रुमालात बांधलं.

"तुमची जुनी मूठ म्हणजे माझी सव्वा," ती म्हणाली. "आणि अहो, डायलिसिसच्या दिवशी जायचं नाही. तांदळाचं पोतं उचललंत असं कानावर आलं, तर कढई मी विकीन."

त्या लग्नात उस्ताने पाठमोरं होऊन चोरासारखी गाठ सोडली आणि सगळं मीठ कढईत ओतलं. आयुष्यातला पहिला पुलाव रांधतानाही तो एवढा घाबरला नव्हता. पंगत उठल्यावर होशिम जवळ आला.

"उस्ता, चहा तसाच उरला की."

उस्ताचे डोळे भरून आले. त्याने घाईने तोच मिठाचा रुमाल डोळ्यांना लावला, आणि मग डोळे का वाहतायत हे सांगायला त्याला चांगलं निमित्त मिळालं.