तुळजाजींची मींड

चेन्नईच्या पोलीस बँडात चौतीस वर्षं क्लॅरिनेट वाजवून तंजावरी मराठी तुळजाजी निवृत्त झाले, तेव्हा वाद्य पेटीत घालून कपाटावर टाकायचं त्यांनी ठरवलं होतं. वरच्या मजल्यावर अदिती राहायला आली नसती, तर ते तिथेच धूळ खात पडलं असतं.

अदिती मिरजेची. नोकरी शहराबाहेर सिरुसेरीतल्या आयटी कंपनीत, आणि रविवारी दुपारी घरी रियाज. एकदा ती भीमपलास गात होती. तुळजाजींना राहवेना. क्लॅरिनेट कपाटावरून काढून, ती गाईल ते खालून हळूच वाजवू लागले. थोड्या वेळाने गाणं थांबलं आणि ती दारात येऊन उभी राहिली.

"काका, सूर जागच्या जागी आहेत. पण परेडला निघाल्यासारखे चालतायत."

तुळजाजींना हसू आवरेना. पुढच्या रविवारी ते ताटात नारळ-विडा घेऊन तिच्याकडे गेले. पाया पडायला वाकले, तशी ती मागे सरली.

"वय असू दे अम्मा," मुलीलाही अम्मा म्हणायच्या तिथल्या सवयीने ते म्हणाले. "शिकणार मी."

अडलं ते मध्यमावरून गंधारावर उतरताना. गळा घसरत येतो, तीच मींड. क्लॅरिनेटवर बोट टेकलं की दुसरा सूर टुणकन हजर. सहा महिने झाले, तरी जमेना.

"वाद्य ठेवा," अदिती म्हणाली. "आधी गा."

तुळजाजी जन्मात गायले नव्हते. घरी त्यांनी आवाज लावला, तशी हेमावती, त्यांची बायको, डाव हातात घेऊन बाहेर आली.

"पोटात दुखतं काय?"

तरी ते गात राहिले. पंधरा दिवसांनी तीच आतून म्हणाली, "काल बरं उतरलं होतं. आज नाही."

एका दुपारी त्यांनी बोट भोकावर आपटलं नाही, कडेकडेने सरकवत आणलं. ओठांची पकड जराशी सैल सोडली. सूर ओघळत खाली आला. हेमावतीने गॅस बंद केला आणि समोर येऊन बसली.

गणेशोत्सवात तिथल्या मराठी मंडळाने त्यांना वीस मिनिटं दिली. मागे तानपुऱ्यावर अदिती, पुढच्या रांगेत बँडातला ढोलवाला सत्यनारायण. आलाप सुरू झाल्यावर तो बराच वेळ ठेक्याची वाट बघत होता, मग विसरला. ती मींड आली तेव्हा अदितीच्या तोंडून आपसूक "वा" निघालं, आणि तुळजाजींनी तीच जागा पुन्हा, अधिक सावकाश घेतली.

कार्यक्रमानंतर सत्यनारायणने त्यांना तमिळमध्ये विचारलं, "इतकी वर्षं शेजारी चाललास. हे कुठे लपवलं होतंस?"

"मलाच ठाऊक नव्हतं रे," तुळजाजी म्हणाले, आणि त्याला हाताला धरून गुरूची ओळख करून द्यायला घेऊन गेले.