आधी हात

साठ-एकसष्टच्या सुमारास मी पनवेलबाहेरच्या एका मोठ्या स्नो-पावडरच्या कंपनीत सुपरवायझर होते. रोज सकाळी कामावर येणाऱ्या बायकांचे हात हुंगणं हे माझं पहिलं काम. पावडर कुठलाही वास लगेच धरते, म्हणून हा नियम.

त्यांतली एक कोळीण होती. पहाटे घरची मासळी साफ करून, चिंच आणि राखेनं कोपरापर्यंत हात घासून यायची. रांगेत तिची पाळी आली की आधी तळवे, मग पालथे हात पुढे धरायची आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणायची, "बगा." बाकीच्या लाजायच्या, हसायच्या. ती कधीच नाही. तिच्या हातांना एकदाही मासळीचा वास आला नाही, तरी तिचेच हात मी जरा जास्त वेळ हुंगत असे.

एकदा मुंबईच्या ऑफिसातले मोठे साहेब आले. सिगारेट विझवून ते थेट पावडर भरायच्या खोलीकडे निघाले. मी अदबीनं बाजूला सरले. ती मात्र दारात आडवी उभी राहिली.

"साहेब, हात."

गोंधळून त्यांनी हात पुढे केले. तिनं ते हुंगले.

"तमाखूचा वास हाय. धुवून या."

साहेब हात धुवून आले. आता हिची नोकरी गेली, असंच मी धरून चालले. पण दुसऱ्या दिवशी ती रांगेत होती. तिनं हात पुढे करायच्या आत मी माझे केले. तिनं ते नीट, सावकाश हुंगले.

"लसणीचा वास हाय, बाय. धुवून या."